एक लोकरीची लांब वस्तू

उपासना: हे बघा गुंडूअण्णा, कोर्ट एकच गोष्ट विचारणार. लग्नाला उभी राहिली तेव्हाच तिच्या मनात फसवायचं होतं का? होतं, तर ती फसवणूक. आधी खरंच नांदायला आली आणि मागनं मन फिरलं, तर दागिन्यांची चोरी होईल, पण फसवणूक होत नाही.

गुंडू: म्हंजे मन फिरलेलं चालतंय कायद्याला.

उपासना: चालतं असं नाही. कलम बदलतं.

गुंडू: मग लिवा. मन फिरलं म्हणून लिवा.

उपासना: मी कशाला लिहू? मी तुमची वकील आहे, तिची नाही.

यशोदाबाई: ह्येलाच धरून आत घाल बघ पोरी. फिर्याद ह्येचीच आन् बोलतोय तिच्या बाजूनं. आमच्या कंग्राळी गावात लोकं मला इच्यारत्यात, यशोदाबाई, तुमचा गुंडू फिर्यादी हाय का जामीनदार?

गुंडू: फिर्याद तू द्यायला लावलीस आये. मी नुस्ती सही केली. सगळं कन्नडमधी हुतं, मला वाटलं गॅसची केवायसी हाय.

उपासना: पोलीस स्टेशनात गॅसची केवायसी?

गुंडू: आजकाल कुठं बी करत्यात की.

उपासना: बरं, ऐका. आज तीन वाजता जेलमध्ये ओळख परेड आहे. तहसीलदार येणार. आठ बायका एका ओळीत उभ्या करतील, साधारण एकाच वयाच्या, एकसारख्या साड्यांतल्या. त्यातली तुमच्या घरात सून म्हणून अकरा दिवस राहिली ती कोण, ते तुम्ही दोघांनी दाखवायचं. एकेकट्यानं आत जायचं, हात लावून दाखवायचं. एवढ्यासाठी बोलावलंय तुम्हाला टिळकवाडीला, माझ्या ऑफिसात. म्हशीसाठी नाही.

गुंडू: म्हशीचं मी आपलं आदुगर सांगून ठेवलं. पुरावा म्हणून.

यशोदाबाई: म्हशीचं नाव काढू नगंस हितं. भीमसेन गुरुजींची लेक हाय ती, एवढं शिकून हापिस थाटलंय. म्हशी ऐकायला न्हाई बसली.

उपासना: असू दे मावशी. सांगा अण्णा. मी लिहून घेत नाही, नुसतं ऐकते.

गुंडू: आमची म्हस आयेबिगर कुणाला आचळाला हात लावू देत न्हाई. मला न्हाई. डाक्टरला दोनदा लाथ घातलीया, त्यो आता रस्त्यावरनं इंजेक्शान सांगतोय. आन् लगीन झाल्यावर तिसऱ्या दिशी सौम्या गोठ्यात गेली, दुधानं चरवी भरून बाहीर आली. म्हस हूं न्हाई, चूं न्हाई. आता मला सांगा, माणसाला फसवता येतंय. म्हशीला कसं फसवणार?

उपासना: म्हणजे म्हैस साक्षीदार.

गुंडू: ती गेल्यापास्नं म्हस रोज वाट बघती. फाटक वाजलं की मान वर. मोटरसायकल वाजली की मान वर. जेवत असली तरी ताटावरनं उठून दारात जाती.

उपासना: म्हैस ताटावरनं उठते?

यशोदाबाई: म्हस कुठली. म्हस निवांत रवंथ करतीया. ह्योच उठतोय.

गुंडू: म्हशीचं ऱ्हाऊ दे. रेशनकार्डाचं बघा. नवव्या दिशी रेशनकार्डात नाव घालायला गेलतो आमी दोघं. सर्व्हर डाऊन. मी म्हणालो, जाऊया घरला, उद्या येऊ. ती म्हणाली, न्हाई, आलोय तर नाव घालूनच जायचं. तीन तास हुभी हुती रांगंत. दोन दिसांनी पळून जाणारं माणूस तीन तास हुभं ऱ्हाईल व्हय?

उपासना: कुठलं आधारकार्ड दाखवलं तिनं?

गुंडू: तिचंच. सौम्या नावाचं.

उपासना: ते आधार खोटं होतं अण्णा.

गुंडू: म्हणूनच सर्व्हर डाऊन झाला आसंल.

उपासना: रेशनकार्डात नाव लागलं असतं तर तिला पत्त्याचा एक खरा कागद मिळाला असता. पुढच्या लग्नात दाखवायला. सरकारी वकील हेच म्हणणार. तुम्ही ज्याला प्रेम म्हणता त्याला ते पूर्वतयारी म्हणणार.

गुंडू: आमच्यात बी लग्नाआदी पूर्वतयारीच म्हणत्यात.

यशोदाबाई: बघ. ह्ये असं हाय बघ. धा म्हैनं मी ह्येच ऐकतीया. माझी बोरमाळ गेली, पाटल्या गेल्या, आन् ह्यो तिचा वकील. त्या भावकू एजंटानं फोटू दावला तवा मी म्हणालेती, पोरगी लई देखणी हाय, आपल्याकडं कशाला येईल? ह्यो म्हणाला, आये, सतरा ठिकाणी बघून झालं, शेती हाय म्हटल्यावर पोरीचा बाप चहा बी अर्धा कप देतोय. अठरावी हाय, येऊ दे.

गुंडू: एका ठिकाणी बिस्कुट बी दिलं हुतं.

उपासना: गुंडूअण्णा, मी आता काही गोष्टी सांगणार आहे. पोलिसांनी परवा कागद दिले, ते सगळे कन्नडमध्ये आहेत, मी वाचून काढलेत. ऐकून घ्या, मध्ये म्हैस आणू नका. तिला निपाणी बसस्टँडवर पकडली. खरं नाव मनुबाई.

गुंडू: मनुबाई.

उपासना: हो.

गुंडू: बरं हाय की. साधं हाय. सौम्या म्हणताना मला जरा ढिलं वाटायचं.

उपासना: पाच जणांनी फिर्याद दिलीय. दोन कर्नाटकातले, तीन महाराष्ट्रातले.

गुंडू: एवढी वर्सं सीमाप्रश्न सुटंना. तिला हद्द कुठं हाय त्येच ठाऊक न्हवतं बघा.

यशोदाबाई: कौतुक कर अजून.

गुंडू: माझ्या आदी किती?

उपासना: दोन.

गुंडू: आन् मागनं?

उपासना: दोन.

गुंडू: म्हंजे मी मधला.

उपासना: हो.

गुंडू: त्यांच्यात किती दिस ऱ्हायली?

उपासना: त्यानं काय फरक पडतो?

गुंडू: कागदात आसंल की.

उपासना: चार. सहा. मग तुम्ही. मग पाच. शेवटच्याकडे तीन.

गुंडू: आन् आमच्यात अकरा.

यशोदाबाई: जा, पेढं वाट आता गावात. पैला नंबर आलाय.

गुंडू: मी कुठं काय म्हणालो?

यशोदाबाई: म्हणायला कशाला पायजे. थोबाड बघ आरशात.

उपासना: कलम सांगते. फसवून माल घेतला तर आता तीनशे अठरा. आधी ह्यालाच चारशेवीस म्हणायचे.

गुंडू: एकशेदोन कमी केलं? सगळं महाग हुतंय आन् ह्येच तेवढं उतरलं.

उपासना: शिक्षा उतरली नाही. सात वर्षांपर्यंत आहे. आणि ज्या सराफानं तुमची बोरमाळ घेतली, त्याला ती चोरीची आहे हे माहीत असेल, तर त्याच्यावर वेगळं कलम. चोरीचा माल जवळ बाळगल्याचं. मावशी, बोरमाळ मिळालीय. कोर्टात तुम्हाला ती ओळखावी लागेल.

यशोदाबाई: झोपंत वळखीन. तिसरा मणी चेपलाय. ह्येला दात येतावेळी ह्योच चावलाय त्यो. तवापास्नं ह्येला सोन्याचं आन् दगडाचं येकच.

उपासना: छान. असंच सांगायचं कोर्टात. आता जप्तीची यादी वाचते. तिच्या पिशवीत आणि खोलीत काय काय सापडलं ते. एक, बोरमाळ, सराफाकडून. दोन, पाटल्या जोडी, त्याच्याकडूनच. तीन, मोबाइल दोन. चार, सिमकार्डं नऊ. पाच, आधारकार्डं चार. सहा, मंगळसूत्रं, नग पाच.

यशोदाबाई: दुकान काढायचं हुतं काय भवानीला?

उपासना: सात. हे तुम्हाला विचारायचं होतं. कन्नडमध्ये असं लिहिलंय... मी मराठीत सांगते. ‘तपकिरी रंगाची एक लोकरीची लांब वस्तू. लांबी चार फूट दोन इंच. चार सुया अडकवलेल्या. आतून पोकळ. उपयोग कळून येत नाही.’ खाली फौजदारांनी शेरा मारलाय, ‘चोरीचे दागिने लपवण्यासाठी तयार केलेली पिशवी असावी.’

गुंडू: थांबा, थांबा.

उपासना: काय झालं?

गुंडू: परत वाचा.

उपासना: तपकिरी रंगाची एक लोकरीची लांब...

गुंडू: बाही हाय ती.

उपासना: कसली बाही?

गुंडू: माझ्या स्वेटरची. माझा जुना स्वेटर हुता तपकिरी, कोपरात फाटल्याला. जानेवारीतली थंडी. ती म्हणाली, ह्यो सगळा उसवते आन् नवा विणते. दोन दिस उसवत हुती. मी असं दोन हात पुढं धरून बसायचो, बेडी घातल्यागत, आन् ती माझ्या हातावर लोकर गुंडाळायची.

उपासना: आणि तुमचे हात अडकलेले असताना कपाटाच्या किल्ल्या कुठं होत्या?

गुंडू: खुंटीला.

उपासना: हं.

गुंडू: हं काय? ती माझ्याम्होरंच बसल्याली, कपाटाकडं पाठ करून.

यशोदाबाई: ती गेल्यावर मी म्हणालेती की रं, लोकरबी न्हेलीया सटवीनं. तू म्हणालास, फिर्यादीत लोकर घालू नगंस, लोकं हसतील.

उपासना: विणायला कुठं शिकली, सांगितलं होतं तिनं?

गुंडू: म्हणाली, हॉस्टेलात. तिथं सगळ्या मुलींस्नी शिकवायचे म्हणं.

उपासना: आधीच्या एका केसमध्ये ती चौदा महिने आत होती अण्णा. तिथं शिकवतात विणकाम.

गुंडू: मग हॉस्टेलच झालं. राहायची सोय, जेवाण, येळंला दिवा बंद.

उपासना: गुंडूअण्णा.

गुंडू: मला एक सांगा. आमच्या घरातनं गेली तवा बाही वीतभर हुती. मी बघितल्याली. किती म्हणालासा आता?

उपासना: चार फूट दोन इंच.

गुंडू: म्हंजे मागनं विणली.

उपासना: असेल.

गुंडू: आख्ख्या स्वेटरची लोकर एका बाहीत घातली. पाठ न्हाई, पोट न्हाई, गळा न्हाई. नुस्ती बाही.

उपासना: लॉजवर दिवस जात नाही. हाताला काहीतरी चाळा लागतो.

गुंडू: चाळाच पायजे तर रुमाल विणायचा. टोपी विणायची. त्या दोन नव्या नवऱ्यांस्नी एकेक मोजा विणायचा. बाहीच का?

उपासना: थांबायचं कुठं ते कळलं नसेल.

गुंडू: कसं कळणार? माझ्या हाताचं माप घेतलंच न्हवतं तिनं. मी म्हणालोतो, घे. ती म्हणाली, घेते की, कुठं पळून चाललाय.

यशोदाबाई: ...ह्ये मला म्हाईत न्हवतं.

उपासना: ह्यानं काही सिद्ध होत नाही अण्णा. मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही.

गुंडू: मला मुद्देमाल सात पायजे.

उपासना: काय?

गुंडू: लोकर माझी. स्वेटर मी घेतल्याला, खडेबाजारातनं. म्हंजे चोरीचा माल माझाच झाला का न्हाई? मग परत द्या.

उपासना: अर्ज करता येतो. बॉन्ड द्यावा लागतो. कोर्ट बोलवेल तेव्हा वस्तू हजर करायची. विकायची नाही. आणि तिच्या रूपात काही बदल करायचा नाही.

गुंडू: म्हंजे स्वेटर पुरा करायचा न्हाई.

उपासना: केस संपेपर्यंत नाही.

गुंडू: किती दिस लागतील?

उपासना: दिवस कसले? सात-आठ वर्षं धरा.

गुंडू: मी एकोणचाळीसचा हाय. चालंल.

यशोदाबाई: चालंल म्हणे! आन् तवर काय ती चार फुटाची बाही गळ्यात घालून फिरणार हाईस?

उपासना: एक लक्षात घ्या. ती बाही आहे असं तुम्ही कोर्टात सांगितलंत, तर पिशवीचा शेरा जाईल. ते तिच्या फायद्याचं आहे. तुमची साक्ष अशीच तिच्या बाजूनं जात राहिली तर सरकारी वकील तुम्हाला फितूर म्हणून जाहीर करेल.

गुंडू: फितूर म्हंजे?

उपासना: आपल्याच बाजूच्या विरुद्ध गेलेला.

गुंडू: माझी बाजू कुठली, त्येच कुणी इच्यारलं न्हाई अजून.

उपासना: मी विचारते. काय पाहिजे तुम्हाला?

गुंडू: काय न्हाई. आज परेडला ‘ह्यात न्हाई’ म्हणायचं. ती हाय म्हणालो की कागदावर काय येणार? हिनं पैल्या दिसापास्नं फसवलं. म्हंजे अकरा दिस खोटं. म्हशीचं खोटं, रांगंतलं खोटं, लोकरीचं खोटं. माझ्याकडं एवढंच अकरा दिस हाईत वकीलबाई. एकोणचाळीस वर्सांत. त्ये बी सरकारजमा करू?

उपासना: तुम्ही नाही म्हणालात आणि मावशीही चुकल्या, तर तुमच्या केसमधून ती सुटून जाईल. परत दिसणार नाही. हे कळतंय का?

गुंडू: कळतंय.

उपासना: आणि ओळखत असताना नाही म्हणणं हे खोटं बोलणं आहे. ते मी ऐकलेलं नाही. मी आता पाणी पीत होते.

यशोदाबाई: त्यो काय म्हणायचा त्ये म्हणू दे. मी हाय की. मी तिला पाठमोरी वळखीन, अंधारात वळखीन, आठ काय ऐंशी बायका हुभ्या करा. चला, रिक्षा बोलवा.

(सव्वाचार वाजलेत. जेलच्या भिंतीसमोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी. गुंडू आतून येऊन बाकड्यावर बसलाय तो हात मांडीवर उताणा ठेवून, जणू तो हात त्याचा नव्हे, कुणीतरी सांभाळायला दिलेला. चहा आला, गार झाला, साय धरली. त्याला पत्ता नाही. यशोदाबाई अजून आत आहेत.)

उपासना: बोला की अण्णा. काय झालं आत?

गुंडू: आठ बायका हुत्या. पैली जांभया देत हुती. तिसरी माझ्याकडं बघून हसली, मला वाटलं भावकूनं हिचा बी फोटू पाठीवला आसंल. पाचवी ती.

उपासना: आणि तुम्ही ‘ह्यात नाही’ म्हणालात.

गुंडू: म्हणणारच हुतो. जिभंवर आणून ठेवल्यालं. पर त्या तहसीलदारांनी भलतंच इच्यारलं.

उपासना: काय विचारलं?

गुंडू: कागद बघून आदी कन्नडमधी वाचलं. मग मला कळावं म्हणून मराठीत म्हणाले, ह्यातली तुमची बायको कोण ते दाखवा.

उपासना: असं विचारलं? बायको?

गुंडू: व्हय. आरोपी कोण म्हणाले असते तर न्हाई म्हणालो असतो. फसवणारी कोण म्हणाले असते तर आठीच्या आठींकडं बघून न्हाई म्हणालो असतो, आन् त्ये खोटं बी झालं नसतं. पर त्ये बायको म्हणाले. धा म्हैन्यात कुणी तसं म्हणालं न्हवतं. पोलीस ‘ती बाई’ म्हणत्यात. तुमी आरोपी म्हणता. आये तर काय काय म्हणती. मी आपला गेलो सरळ चालत आन् हात लावला.

उपासना: कुठं?

गुंडू: मनगटाला. गार हुतं.

उपासना: ती काही बोलली?

गुंडू: बोलायचं न्हाई असा नेम हाय म्हणं तिथं. खाली बघत हुती. वाळलीया लई. केस कापल्यात. मी हात काढायचा इसरलो. तहसीलदार म्हणाले, झालं, सोडा. मग एक पोलीसबाई म्हणाली, सोडा हो. मग सोडला.

उपासना: अण्णा, तुम्ही केस पक्की केलीत.

गुंडू: व्हय. चुकलंच माझं.

उपासना: चुकलं नाही. खरं तेच केलंत. फक्त... आता मावशीही दाखवणार. दोन साक्षीदार, दोघांची एकच ओळख. अकरा दिवस गेले तुमचे.

गुंडू: गेले.

उपासना: चहा घ्या. दुसरा सांगू का?

गुंडू: नगो. ह्योच बरा हाय.

उपासना: त्या बघा, आल्या मावशी. मावशी, इकडं! सावकाश, गाडी येतीय. बसा. झालं व्यवस्थित?

यशोदाबाई: झालं. पाणी दे आदी.

उपासना: घ्या. हात लावून दाखवलीत ना?

यशोदाबाई: न्हाई.

उपासना: म्हणजे?

यशोदाबाई: ‘ह्यात न्हाई’ म्हणाले मी.

गुंडू: आये?

उपासना: मावशी, ती पाचवी होती!

यशोदाबाई: पाचवी कुठली. ह्यो बाहीर गेल्यावर त्यांनी जागा बदलली आसंल. माझ्या येळंला ती दुसऱ्या नंबराला हुती.

उपासना: ...म्हणजे ओळखलीत.

यशोदाबाई: न वळखायला काय झालंय मला? मी आत पाय टाकला. समद्या तोंड वर करून बघत्यात, जत्रंत बघावं तशा. आन् एकीनं पदर घेतला डोस्क्यावर. मला बघून. कुणी सांगितलं न्हवतं, कुणी घेतला न्हवता. जेलात कसला पदर आन् कसली सासू. तिचा हात आपला गेला वर. मग तिचं तिलाच कळलं, आपण आपल्याला दावून दिलं म्हणून. लगबगीनं खाली टाकला आन् भिताडाकडं बघाय लागली. पोरगी कशी घाबरली म्हणतीयास.

उपासना: मग हाच तर पुरावा झाला. तुम्ही तहसीलदारांना का नाही सांगितलंत?

यशोदाबाई: काय सांगू? सासूला बघून पदर घेती तीच चोर, म्हणून सांगू? थोरली सून पुण्यात हाय माझी. मी गेले तर मोबाइलमधनं मान वर काढत न्हाई. तिला कुणी धरलंय? पैल्या दिशी मी हिला म्हणालेती, पोरी, आमच्यात मोठ्या माणसाम्होरं डोस्कं उघडं ठेवत न्हाईत. एकदाच म्हणाले. अकरा दिस एकदा बी मोडलं न्हाई तिनं. लुटायला आल्यालीला काय गरज हुती?

उपासना: विश्वास बसावा म्हणून.

यशोदाबाई: मग आज कुणाचा इस्वास बसवायचा हुता तिला? बोल की. शिकल्याली हाईस.

उपासना: मला नाही येत ह्याचं उत्तर मावशी.

यशोदाबाई: मला बी न्हाई आलं. म्हणून न्हाई म्हणाले आन् बाहीर आले. ह्येनं काय केलं? ह्यो तर न्हाईच म्हणणार हुता.

उपासना: ह्यांनी दाखवली.

यशोदाबाई: काय?

गुंडू: तहसीलदारांनी बायको कोण म्हणून इच्यारलं आये.

यशोदाबाई: अरं माझ्या कर्मा. मला तर नुस्तं ‘वळखता का’ म्हणाले.

उपासना: म्हणजे ज्याला लपवायची होती त्यानं दाखवली आणि जिला दाखवायची होती तिनं लपवली. आईला ओळखू आली नाही, मुलाला आली. तिच्या वकिलानं हे वाचलं की तो कोर्टात नाचेल.

गुंडू: मग सुटंल?

उपासना: लगेच नाही. जामीन झाला तरी उभं कोण राहणार तिला? आईबाप नाहीत. नवरे पाच आहेत, ते सगळे फिर्यादी आहेत.

यशोदाबाई: बोरमाळ मात्र माझी हाय. ती मी सोडायची न्हाई. ती वळखायला बोलीवशील तवा येते. बोरमाळंला पदर नसतोय.

उपासना: तुम्हाला दोघांनाही घरी सोडते आता. मला जरा डोकं शांत करायचंय.

गुंडू: वकीलबाई.

उपासना: काय?

गुंडू: भेटायला कुठल्या वारी सोडत्यात?

उपासना: कुणाला?

गुंडू: आतल्या माणसांस्नी.

उपासना: अण्णा, फिर्यादी आरोपीला भेटायला जात नसतो. ती साक्षीदार फोडतीय म्हणतील.

गुंडू: म्हंजे मला?

उपासना: म्हणजे तुम्हाला.

गुंडू: त्ये काम तिनं जानेवारीतच केलंय. आता कुठं नवीन.

उपासना: आणि भेट अशी कुणालाही देत नाहीत. घरच्यांनाच देतात. छापील अर्ज असतो. नाव, गाव, आधार नंबर. आणि एक रकाना असतो, कैद्याशी नातं काय. तिथं काय लिहिणार आहात तुम्ही? मला सांगा. काय लिहायचं तिथं? बघा, म्हणून म्हणते.

यशोदाबाई: दोन अर्ज आण पोरी. माझ्यात ‘सासू’ म्हणून लिव. त्येच्यात काय लिवायचं त्ये त्येचं त्यो बघंल.